बिल्ला

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात दर्शनाला जायच्या आधी जोडाघर लागतं. आपण जोडे पुढे करतो, पलीकडचा माणूस ते दोन्ही हातांनी उचलून घेतो आणि आपल्या हातात नंबराचा बिल्ला ठेवतो. तो माणूस व्यापारी असेल, अधिकारी असेल, शेतकरी असेल. विचारायची पद्धत नाही. बिल्ला आपल्याकडे राहतो, त्याच्याकडे काहीच नाही. परत येताना आपण बिल्ला देतो, तो जोडे देतो, क्षणभर नजरानजर होते आणि आपले हात आपोआप जोडले जातात. मागच्या महिन्यात तिथे उभा असताना मला भाच्याची आठवण झाली.

भाचा नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंगला आहे. रात्रीचं जेवण आटोपलं की तो एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करत बसतो. मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा आतला कोड सगळ्यांसाठी उघडा असतो. कुणीही वाचावा, दुरुस्त करावा, पुढे वाटावा. फायरफॉक्स किंवा लिबरऑफिस उघडल्यावर पडद्यावर मराठी दिसते, त्यामागे अशाच कित्येकांच्या रात्री आहेत. एकदा साडेदहाला त्याचा फोन आला. "मामा, सातबाऱ्यावर त्या उभ्या घरांना काय म्हणतात?" म्हटलं, रकाना. "तेच हवं होतं. आधी कुणीतरी स्तंभ करून ठेवलंय. स्तंभ म्हटलं की मला देवळाचा खांबच दिसतो."

एका शब्दासाठी पोराने किती वेळ घालवला असेल! उद्या एखादी अंगणवाडीताई त्या रकान्यात मुलांची वजनं भरेल आणि तिला तो शब्द अडणार नाही. शब्द अडला नाही म्हणून कुणी कुणाचे आभार मानत नाही. भाषांतर जितकं नीट होतं, तितकं ते करणारा दिसेनासा होतो. सॉफ्टवेअरमधली चूक शोधून नीट कळवणारा, नवख्याच्या प्रश्नाला रात्री एकला उत्तर देणारा, यांचंही तेच.

आपल्याकडे इर्जिक होती. एकाच्या रानात गावातल्या बैलजोड्या उतरायच्या, दिवसभर काम चालायचं, मजुरी म्हणून पैसा नाही, पोटभर जेवण. पण कुणाचं तास सरळ गेलं, बांधाकडेचं कठीण रान कुणी आपणहून घेतलं, हे साऱ्या शिवाराला दिसायचं. जोडाघरातल्या सेवेकऱ्यालाही समोरचे जोडलेले हात दिसतात. वसतिगृहाच्या खोलीत एकट्याने बसलेल्या पोराचं तास कुणाला दिसतं? म्हणून "सेवा निष्काम हवी, तिला बिल्ले कशाला" हे म्हणणं मला एवढ्यापुरतं पटत नाही. निष्काम असणं हा करणाऱ्याचा धर्म झाला. त्याच्या कामाकडे पाहणं हा आपला.

दिवाळीत भाच्याला त्या प्रकल्पाकडून डिजिटल बॅज मिळाला. मोबाईलवर एक छोटं गोल चित्र. त्याने ते माझ्या आईला, म्हणजे त्याच्या आजीला दाखवलं. तिने चष्मा वर-खाली केला. "काय लिव्हलंय बाबा ह्यात?" त्याने चित्रावर बोट ठेवलं आणि आतलं मराठीत सांगितलं: अमुक भागाचं मराठी भाषांतर पूर्ण, अमुक माणसाने तपासलं, अमुक तारीख. आजी म्हणाली, "म्हंजी कुणी बघत व्हतं तर."

अशा बॅजची एक मांडणी फायरफॉक्सवाल्या मोझिलाने 2011 मध्ये पुढे आणली. चित्राच्या फाइलमध्येच माहिती गुंफलेली असते: कुणी दिला, कुणाला दिला, कशासाठी दिला, पुरावा कुठे आहे. 2013 पासून फेडोरा नावाचा मुक्तस्रोत प्रकल्पही आपल्या स्वयंसेवकांना बॅज देऊ लागला. लातूरच्या, नांदेडच्या ज्या मुलाची पुण्यातल्या कंपनीत कुणाशी ओळख नाही, त्याच्यासाठी ही माहिती फार मोलाची आहे. त्याचं काम कुणालाही उघडून पाहता येतं, मधल्या माणसाच्या शब्दाची गरज उरत नाही.

पण बॅज नुसत्या मोजणीवर दिला, की मोजणीसाठीच काम सुरू होतं. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम 2014 पासून चालतो. ऑक्टोबर महिन्यात मुक्तस्रोत प्रकल्पांना ठरावीक संख्येने सुधारणा पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. 2020 मध्ये नुसत्या टी-शर्टसाठी लोकांनी माहितीच्या पानांवर एखादा निरर्थक शब्द वाढवून 'सुधारणा' म्हणून पाठवल्या, ढिगाने. आधीच थकलेले प्रकल्प चालवणारे ती रद्दी उपसत बसले. चार दिवसांत नियम बदलावा लागला. पुढे 2023 मध्ये टी-शर्टच्या जागी डिजिटल बॅज आले.

मला विकिपीडियावरची रीत जास्त जवळची वाटते. तिथे 2003 च्या डिसेंबरपासून बार्नस्टार देतात. अमेरिकेत धान्याच्या कोठारावर लावतात त्या ताऱ्यावरून हे नाव आलं. त्याला समिती लागत नाही. एका संपादकाला दुसऱ्याचं काम आवडलं, की तो त्याच्या पानावर जाऊन तारा ठेवतो आणि का ठेवला ते खाली लिहितो. माझ्या मते खरा मान त्या खालच्या ओळीत असतो, कारण काम वाचल्याशिवाय ती ओळ लिहिता येत नाही.

परवा भाचा लातूरला आला होता. त्याच्या प्रकल्पात आता त्याला दुसऱ्यांच्या नावाची शिफारस करता येते. तो लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसला होता. विचारलं, कुणासाठी लिहितोयस? म्हणाला, "ज्याने स्तंभ लिहिलं होतं त्याच्यासाठी."

मला काही कळेना.

"तो शब्द चुकला असेल मामा, पण त्या वेळी सगळं कोरं होतं. मराठीची एक ओळ नव्हती. पहिला तोच बसला ना तिथे. मी तर नंतर येऊन नुसता दुरुस्त करत गेलो." तो पुन्हा पडद्याकडे वळला. अर्धा तास झाला तरी दोन ओळींच्या पुढे गेला नव्हता. लिहीत होता, खोडत होता. आतून आई जेवायला हाका मारत होती.