आपली इच्छा व देवाचा हेतु

“जशी देवाची इच्छा” हे शब्द आपल्या मंडळ्यांत वारंवार कानीं पडतात. पीक बुडालें, घरचें मूल गेलें, कीं आपण ते उच्चारतों. पण पुष्कळदां त्यांत आशा नसते, केवळ हात टेकणें असतें. मग प्रारब्धापुढें हार खाणें आणि देवाच्या इच्छेस मान तुकविणें, यांत भेद तो कोणता?

पंडिता रमाबाईंचें चरित्र पाहा. वैद्यकी शिकून देशभगिनींची सेवा करावी, या इच्छेनें त्या १८८३ सालीं विलायतेस गेल्या. परंतु ऐकूं कमी येत असल्यामुळें तो मार्ग खुंटला. रमाबाईंनीं मार्ग सोडला, हेतु सोडला नाहीं. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढलें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतील निराधार मुलींस आणून त्यांनीं आश्रय दिला. मुलींची उपासमार हीच देवाची इच्छा, असें म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहींत. आपल्या आळसाला, किंवा जें निवारण करितां येईल अशा शेजाऱ्याच्या दुःखाला, देवाच्या इच्छेचें नांव देणें हें पाप होय.

याहून कठीण परीक्षा पुढेंच होती. जिनें आपलें कार्य चालवावें अशी आशा होती, ती एकुलती कन्या मनोरमा १९२१ सालीं निवर्तली. आईची आशा येथें मोडली. तरी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर करण्याचें काम त्यांनीं तडीस नेलें, व १९२२ च्या एप्रिलांत त्या प्रभूकडे गेल्या. केडगांवचें मुक्तिमिशन मात्र आजहि चालू आहे.

तर मग इच्छाच धरूं नये काय? तसें नव्हे. गेथशेमानेंत प्रभूनें आपली इच्छा पित्यापासून लपविली नाहीं. ती उघड सांगून मगच त्याच्या स्वाधीन केली. आपणहि पाऊस मागावा, लेंकराचें आरोग्य मागावें, पण मागतांना मनास विचारावें, “हें मला कशासाठीं हवें?” त्या उत्तरांत प्रीति असेल, तर मागितलेली वस्तु न मिळाली तरी प्रीतीचें काम उरतेंच. ज्याची आशा वस्तूवर टेकली आहे, त्याची आशा वस्तूबरोबर जाते. ज्याची देवाच्या हेतूवर टेकली आहे, त्याला रडत रडतहि उद्यां नांगर धरतां येतो.