कुठली कॉपी खरी?

'टर्मिनेटर 2' मी पहिल्यांदा पाहिला तो कराडात, शाळेत असताना, भाड्याने आणलेल्या दोन व्हीसीडींवर, हिंदीतून. सिनेमा 137 मिनिटांचा आणि एका व्हीसीडीत मावतात साधारण 74 मिनिटं. त्यामुळे ऐन रंगात चित्र थांबायचं आणि कुणीतरी उठून दुसरी डिस्क घालायची. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288 पिक्सेलचं. तो वितळणारा धातूचा माणूस फरशीवर सांडलेल्या पाऱ्यासारखा दिसायचा. तरी त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

इंजिनिअरिंगला असताना मित्राच्या हार्ड डिस्कवरून तोच सिनेमा पुन्हा पाहिला आणि मध्येच दचकलो. मी कधीच न पाहिलेला प्रसंग सुरू झाला होता. एका गॅरेजात टर्मिनेटर स्वतःच्या डोक्यातली चिप कशी काढायची ते सारा आणि जॉनला सांगतो. चिप निघते, तो बंद पडतो. सारा हातोडा उचलते, कारण तिला ती चिप फोडायची आहे. दहा-अकरा वर्षांचा जॉन आईला अडवतो. मग ते चिपची कळ फिरवून ती परत बसवतात आणि तिथून पुढे ते यंत्र नवं काही शिकू शकतं.

हा प्रसंग 1991 साली थिएटरात नव्हता. 1993 मध्ये लेझरडिस्कवर 'स्पेशल एडिशन' आली, तिच्यात साधारण पंधरा मिनिटं वाढवलेली होती, त्यातला हा. थिएटरच्या आवृत्तीत जॉन विचारतो की तुला शिकता येतं का, आणि टर्मिनेटर सांगतो की माणसांच्या सहवासात जितका राहीन तितका शिकेन. विषय संपला.

मला हा फरक पंधरा मिनिटांचा वाटत नाही. एका आवृत्तीत यंत्र शिकतं, कारण त्याची रचनाच तशी आहे. दुसरीत ते शिकतं, कारण एका पोराने हातोडा अडवला आणि धोका पत्करला. पहिल्या आवृत्तीत चांगुलपणा आपोआप येतो. दुसरीत तो कुणीतरी दिलेल्या संधीतून येतो. पात्रं तीच, शेवटही तोच, पण सिनेमाचं म्हणणं बदलतं.

शेवट तोच असंही सरसकट म्हणता येत नाही. एक वेगळा शेवटही चित्रित झाला होता. त्यात म्हातारी सारा बागेत बसलीय, जगाचा विनाश झालेलाच नाही, सगळं छान. थिएटरात दाखवलेल्या शेवटी फक्त अंधारातला रस्ता आणि पुढे काय होईल ते माहीत नसणं. 2000 सालच्या डीव्हीडीत हा बागेतला शेवट असलेली आवृत्ती लपवलेली होती. मेनूत 82997 हा आकडा टाकला की ती उघडायची. सिनेमातल्या विनाशाची तारीख 29 ऑगस्ट 1997, तिच्यावरून हा आकडा. म्हणजे आशा हवी असेल तर कोड टाका, नाहीतर अंधारा रस्ता आहेच.

इथवर माझी तक्रार नाही. दिग्दर्शकाने चार आवृत्त्या काढाव्यात, प्रेक्षकाने निवडावी. तक्रार सुरू होते 2017 पासून. त्या वर्षी हा सिनेमा थ्रीडीत आला तेव्हा एक जुनी चूक दुरुस्त केली गेली. पुलावरून कालव्यात ट्रक कोसळतो, त्याची पुढची काच निखळून पडते आणि पुढच्याच शॉटमध्ये ती जागेवर असते. आता ती पडतच नाही. त्याच सुमारास आलेल्या 4के डिस्कवर चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे दिसतात, ही तर जगभरच्या चाहत्यांची ओरड. कारण सोपं आहे. फिल्मवर चित्र उमटतं ते बारीक कणांनी. संगणकाने हे कण 'नॉइज' म्हणून पुसले की त्यांच्याबरोबर कातडीवरची छिद्रं आणि सुरकुत्याही जातात. संगणकाला दोन्हींतला फरक कळत नाही.

यातली नैतिक अडचण जॉर्ज ल्युकस यांच्या बाबतीत सगळ्यात उघड दिसते. 1988 साली ते अमेरिकी संसदेच्या समितीपुढे गेले आणि जुन्या सिनेमांत फेरफार करण्याविरुद्ध बोलले. आणि 1997 मध्ये त्यांनीच 'स्टार वॉर्स' बदलला. आधी हान सोलो गोळी झाडून समोरच्याला मारतो. नव्या आवृत्तीत समोरचा आधी झाडतो, मग हान. नायक स्वच्छ झाला. ल्युकस म्हणू शकतात की फेरफार परक्यांनी करू नये, मी तर निर्माता आहे. पण ज्यांनी ते पाहून आपलं लहानपण काढलं त्यांचा काहीच हक्क नाही का?

हा प्रश्न मला चाहत्यांचा रिकामा वाद वाटायचा. मग गेल्या वर्षी मी आईबाबांच्या लग्नाची कॅसेट डिजिटल करून घेतली.

1995 चं लग्न, व्हीएचएस कॅसेट, कडेला बुरशी. फाइल मिळाल्यावर मी ती एआयच्या सॉफ्टवेअरमधून काढली. चित्र लख्ख झालं. आईने पाहिलं आणि आजीपाशी थांबली. "ह्या आमच्या आई नव्हेत," म्हणाली. आजीच्या तोंडावर देवीचे व्रण होते. सॉफ्टवेअरने ते नॉइज समजून पुसले होते.

ही चूक सुधारता आली. दुसरी गोष्ट अवघड होती. पंगतीच्या वेळी आमच्याकडचे एक वडीलधारे मानपानावरून रुसून उठले होते. टोपी-टॉवेल-नारळाचं काहीतरी. आईचे वडील त्यांच्यासमोर हात जोडून उभे आहेत. साधारण दीड मिनिट. वरून सनई मिसळलेली आहे, त्यामुळे शब्द ऐकू येत नाहीत, फक्त जोडलेले हात दिसतात. बाबा मागे उभे आहेत, खाली मान घालून.

बाबा म्हणाले, "तेवढं काढून टाक की. ग्रुपवर सगळी बघतील."

आई म्हणाली, "राहू दे. माझे वडील आहेत त्यात."

दोघांचंही मला पटत होतं. बाबांना आज त्याची लाज वाटते, म्हणजे तीस वर्षांत ते काहीतरी शिकले. पण ते दीड मिनिट कापलं तर काय शिकले याचा पुरावाच राहत नाही. आणि अपमान बाबांचा झालाच नव्हता. ज्यांचा झाला ते आजोबा आता नाहीत. त्यांच्या वतीने बोलायचा हक्क कुणाचा असेल तर तो आईचा.

आपल्याकडे हा पेच नवा नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. हजाराहून जास्त हस्तलिखितं तपासून ती 1966 मध्ये पुरी झाली. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही आपल्या सर्वांची लाडकी कथा मूळ संहितेतली नाही, असा संपादकांनी निर्णय दिला. पण ती फेकली नाही. परिशिष्टात ठेवली. पाठभेद तळटीपांत छापले. निर्णय आमचा, पुरावा तुमच्यासमोर.

उलट उदाहरणही आपलंच. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' 1913 मध्ये केला आणि 1917 मध्ये पुन्हा केला. आज जी रिळं उरली आहेत ती पहिल्या सिनेमाची की दुसऱ्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. सगळं जपलं गेलं असतं तर हा प्रश्नच उरला नसता.

कामावर आम्ही कोडमध्ये रोज चुका दुरुस्त करतो. पण जुनी आवृत्ती मागे राहते. कुणी, कधी, काय बदललं हे दिसतं. इतिहासच पुसून नवा कोड ढकलता येतो, पण टीममध्ये तसं करणाऱ्यावर नंतर कुणी भरवसा ठेवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. नवी आवृत्ती काढायचा हक्क निर्मात्याचा. जुनी नाहीशी करायचा हक्क त्याचाही नाही, कारण तिच्यात त्याच्याशिवाय इतरही माणसं असतात. आणि बदल केला असेल तर तसं सांगायला हवं.

तर पेन ड्राइव्हवर आता दोन फाइली आहेत. एकीचं नाव 'लग्न 1995, पंगतीतला प्रसंग वगळून'. ही ग्रुपवर गेली. दुसरीचं नाव 'लग्न 1995, पूर्ण'. तिच्यात बुरशीचे पट्टे आहेत, आजीचे व्रण आहेत आणि ते दीड मिनिट आहे.

नाव वाचून बाबा म्हणाले, "वगळून असं कशाला लिहिलंस? आता सगळे विचारतील, काय वगळलं म्हणून."

मी म्हटलं, विचारू देत.