आधी तबकडी, मग माणूस

७ एप्रिल २००३ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम झाला. तीनच दिवसांपूर्वी ते बंगळूरला वाजवून आले होते. बँडला चाळीस वर्षं झाल्याबद्दलचा तो जगभरचा दौरा होता. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स तेव्हा ५९ वर्षांचे होते, ड्रमर चार्ली वॉट्स ६१ वर्षांचा. १९६५ साली ‘सॅटिस्फॅक्शन’ निघालं तेव्हा सोळा वर्षांचा असलेला मुंबईकर चाहता त्या संध्याकाळी ५४ वर्षांचा होता, आणि आपला आवडता बँड बहुधा पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहत होता. अशा माणसाबद्दल आपण सहज म्हणून जातो, की बिचाऱ्याचा योग फार उशिरा आला, ऐन भरातले स्टोन्स राहूनच गेले. वरवर हे बिनतोड वाटतं, पण मला ते पटत नाही. उतारवयातल्या बँडला आपल्या मध्यमवयात ऐकणं हा चुकलेल्या संधीवरचा उतारा नव्हे. ते ऐकणंच निराळं आहे, आणि विशीतल्या कानाला ते जमणारं नाही.

उशीर झाला ही भावना येते कुठून? एक तर रॉकच्या जन्मातून. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हे संगीत पोरांनी पोरांसाठी, आईबापांच्या नाकावर टिच्चून केलं. त्यात म्हातारपणाला जागाच नव्हती. पंचेचाळिशीत ‘सॅटिस्फॅक्शन’ गात बसण्यापेक्षा मेलेलं बरं, अशा अर्थाचं जॅगरचं सत्तरच्या दशकातलं विधान प्रसिद्ध आहे. (२०२४ च्या दौऱ्यात, ऐंशी पूर्ण केल्यावर, गडी तेच गाणं गात होता.) दुसरं कारण तबकडीचं. ऑगस्ट १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर बीटल्सनी दौरे बंद केले आणि पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’ आणली. त्या तबकडीतलं बरंचसं काम स्टुडिओतच घडण्यासारखं होतं, तेव्हाच्या रंगमंचावर ते उभं राहिलं नसतं. तीस वर्षांनी, १९९६ साली, थिओडोर ग्रेसिक या अमेरिकी तत्त्वज्ञाने हा विचार शेवटाला नेला. रॉकमधली मूळ कलाकृती म्हणजे ध्वनिमुद्रण, असं त्याने मांडलं. हे मान्य केलं तर प्रत्यक्ष कार्यक्रम ही मुळाबरहुकूम केलेली नक्कल ठरते, आणि साठीतल्या माणसांनी केलेली नक्कल तर आणखीच फिकी.

आपल्याकडे मात्र या दोन विचारांना तिसरी बाजू मिळाली. परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरची बंधनं यांमुळे १९९१ पर्यंत मोठे बँड इथे क्वचितच फिरकले. १९८० साली द पोलिस मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेले, तो अपवाद. बाकी चाहत्यांचं सगळं भागायचं ते परदेशाहून कुणी आणलेल्या एलपीवर, तिच्यावरून भरलेल्या कॅसेटवर आणि त्या कॅसेटवरून भरलेल्या आणखी चार कॅसेटींवर. प्रत्येक प्रतीबरोबर खरखर वाढायची, झांजा विरघळायच्या, आणि बाजू संपली की शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. तरीही ते गाणं तुटलेल्या जागेसकट पाठ व्हायचं. उदारीकरणानंतर दारं किलकिली झाली: १९९४ मध्ये जेथ्रो टल, १९९५ मध्ये डीप पर्पल, मग स्टोन्स. यातलं कुणीच तरुणपणी आलं नाही. म्हणजे भारतीय चाहत्याचा उशीर हा त्याचा आळस किंवा दुर्दैव नव्हतं, देशाच्या अर्थव्यवहाराने ठरवलेलं वेळापत्रक होतं. जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात म्हटलं होतं, की यांत्रिक प्रतींमुळे कलाकृतीभोवतीचं तेज ओसरतं. इथे नेमकं उलट घडलं. मूळ कधी पाहिलंच नव्हतं. प्रतींनीच त्याची ओढ तीस-तीस वर्षं वाढवत नेली.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. स्टेडियममध्ये तरी कोणतं मूळ भेटतं? मागच्या प्रेक्षकाला माणूस करंगळीएवढा दिसतो, तो पाहतो ते पडदे आणि ऐकतो ते ध्वनिक्षेपक. फिलिप ऑस्लँडर या अमेरिकी अभ्यासकाने १९९९ साली या विषयावर पुस्तकच लिहिलं. ध्वनिमुद्रणाआधी ‘प्रत्यक्ष’ अशी वेगळी गोष्टच नव्हती, तेव्हा प्रत्यक्षाला जन्मजात वरचं स्थान देता येत नाही, असा त्याचा रोख आहे. मला हा युक्तिवाद बराचसा मान्य आहे. पण त्यातून कार्यक्रम निरर्थक ठरत नाही. चार्ली वॉट्सचंच उदाहरण पाहा. बहुतेक रॉक ड्रमर उजव्या हाताने हाय-हॅटची झांज अखंड चालू ठेवतात. वॉट्सचा डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअर ड्रमवर पडला, की उजवा हात झांजेवरून अलगद वर उचलला जायचा. तेवढा एक आघात तो गाळायचा. तबकडीवर ही फट ऐकू येते, पण ती फट आहे हे कळत नाही, ठेका जरा मोकळा, जरा रेलून चाललेला वाटतो इतकंच. हात उचलताना पाहिला, भले पडद्यावर का होईना, की वर्षानुवर्षं पाठ असलेल्या गाण्याचं कारण सापडतं. आता कुणी म्हणेल, हे चित्रफितीतही दिसतं. दिसतं, पण चित्रफितीत त्या हाताचं काय होणार ते आधीच ठरून गेलेलं असतं. समोरच्या माणसाचा ठेका याच क्षणी चुकू शकतो. एकसष्टाव्या वर्षी तर नक्कीच.

ब्रिटिश संगीतसमीक्षक सायमन रेनॉल्ड्सचा आक्षेप अधिक बोचरा आहे. ‘रेट्रोमेनिया’ या २०११ च्या पुस्तकात पॉप संस्कृतीला स्वतःच्याच भूतकाळाचं व्यसन लागल्याचं तो दाखवतो. पैशाचं गणितही त्याच्या बाजूने आहे. पूर्वी तबकडी खपावी म्हणून दौरे निघत; गाणी इंटरनेटवर जवळपास फुकट झाल्यावर बँडची खरी कमाई दौऱ्यांवर आली, आणि महाग तिकीट घेण्याची ऐपत असते ती पन्नाशीच्या गिऱ्हाइकाची. शिवाय किशोरवय ते पहिली तरुणाई या काळातल्या आठवणी उतारवयात सर्वांत गडद राहतात, हे मानसशास्त्रात वारंवार दिसून आलं आहे. मग हा सगळा आठवणींचा बाजारच नव्हे का? बाजार आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण गिऱ्हाइकाला फक्त आपलं तरुणपण हवं असतं, तर त्याहून सरस माल आता मिळतो. २०२२ पासून लंडनमध्ये अ‍ॅबाच्या तरुण संगणकीय प्रतिमा रंगमंचावर गातात. डिसेंबर २०२३ मध्ये किस या बँडने शेवटच्या कार्यक्रमातच आपल्या अशाच प्रतिमांची घोषणा केली. तिथे कुणाचा श्वास अपुरा पडत नाही. लोक ते पाहायला जातात, खुशाल जावोत. पण जॅगरच्या किंवा रिचर्ड्सच्या कार्यक्रमाला जाणारा माणूस दुसरंच काही मागतो. त्याच्या स्मरणात १९६९ चा आवाज आहे, समोर आजचा आहे, आणि दोहोंमधलं अंतर तो ऐकतो आहे. विशीतल्या श्रोत्याला हे अंतर ऐकूच येत नाही. तेवढं आयुष्य अजून त्याचं गेलेलं नसतं.

मराठी माणूस इथे बालगंधर्वांचं नाव काढल्याशिवाय राहायचा नाही. साठीच्या घरातही ते स्त्रीभूमिकेत उभे राहत. काहींना तो गळा तसाही पुरे होता, काहींना ते पाहवत नसे. दुसरीकडे ऐंशी उलटलेले भीमसेन जोशी सवाई गंधर्व महोत्सवात बसत तेव्हा त्यांना उशिरा ऐकलं असं कुणी म्हणत नसे. ख्यालात दरवेळी गाणं नव्याने घडतं, म्हणून वय तिथे सामावून जातं. रॉकच्या गाण्याचा साचा पक्का, म्हणून वय उघडं पडतं. फरक खरा आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. साचा पक्का असल्यामुळेच त्यात काय बदललं ते नेमकं कळतं. १० डिसेंबर २००७ रोजी लेड झेपेलिन लंडनच्या ओटू अरिनात पुन्हा एकत्र वाजले तेव्हा काही गाणी मूळ पट्टीच्या खाली घेतली होती. गायक रॉबर्ट प्लँटला तरुणपणीचे चढे स्वर आता झेपणारे नव्हते, आणि त्याने ते झेपत असल्याचं सोंगही आणलं नाही. रिचर्ड्सने २०२३ मध्ये सांगितलं, की संधिवातामुळे त्याला गिटार वाजवण्याची पद्धत बदलावी लागली. सहावी तार काढून टाकून पाच तारांवर वर्षानुवर्षं वाजवलेल्या माणसाने बोटं अडली तर आणखी एक वाट शोधावी, हे मला त्याच्या एखाद्या नव्या गाण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि म्हणूनच या धंद्यातली एक खोड मला अक्षम्य वाटते. ती म्हणजे पोचत नसलेल्या जागी आधी भरून ठेवलेला आवाज सोडून देण्याची. पट्टी खाली आणणं ही तडजोड आहे, भरलेला आवाज सोडणं ही फसवणूक. मध्यमवयीन श्रोता ज्या अंतरासाठी पैसे मोजतो, तेच त्यात पुसलं जातं. तबकडी त्याच्या घरी आहेच. आता मुंबईत, नवी मुंबईत मोठे बँड वरचेवर येऊ लागले आहेत आणि तिकिटांचे भाव हजारांच्या घरात गेले आहेत, तेव्हा आयोजकांनी एवढं तरी करावं: रंगमंचावर काय गायलं-वाजवलं जाणार आणि काय आधीच भरलेलं असणार, हे तिकिटावर छापावं.