पाच वर्षांचं पोर, एकटं, वाटेवर

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, चौथा स्कंध, आठवा अध्याय.

ध्रुव म्हटलं की आपल्याला एकदम अढळ तारा आठवतो. तारा आज जरा बाजूला ठेवू. मला आज फक्त मधला तुकडा वाचायचाय. सावत्र आई टोचून बोलली, बाप गप्प बसला, आणि पाच वर्षांचं पोर नगर सोडून चालू लागलं.

कल्याणला, कुर्ला टर्मिनसला बाहेरगावच्या गाड्यांमधून अशी पोरं उतरतात. कुणाचा बाप दारू पिऊन मारतो, कुणाला घरात जाच, कुणी नुसतंच मुंबईच्या ओढीने आलेलं. मग अंगातल्या शर्टाने डब्यातला केर काढायचा, बाटल्या वेचायच्या. मिळालेले पैसे त्याच दिवशी खाऊन संपवायचे, कारण रात्री झोपेत कुणीतरी मोठा ते काढून घेतो. (आणि आपण म्हणतो, ह्यांना पैशाची किंमत नाही!) पावसाळ्यात कोरड्या जागेसाठी मारामारी. रुमालावर व्हाइटनर ओतून हुंगतात, त्याने भूक मरते म्हणून.

ध्रुवाला वाटेत नारद भेटले. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग समजावलं, लहान मुलाला कसला मान नि कसला अपमान, जा घरी. ध्रुव ऐकत नाही. तो सरळ सांगतो की त्या शब्दांनी काळजाला भोक पडलंय, तुमचा उपदेश तिथे टिकत नाही. नारद चिडले नाहीत! उलट, त्याचं ऐकून घेऊन मग मार्ग दाखवला. मला ही जागा फार आवडते. आपण बिस्किटाचा पुडा हातात देतो, 'शाळेत का जात नाहीस रे?' विचारतो, आणि उत्तर यायच्या आत लोकल पकडतो.

नंतर नारद राजाकडे गेले. राजा रडतोय : दमून, भुकेने कुठेतरी झोपलेल्या माझ्या लेकराला लांडग्यांनी खाल्लं तर नसेल?

स्टेशनवरचे लांडगे गोड बोलतात. जेवण देतो म्हणतात, काम देतो म्हणतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. एकटं, बावरलेलं पोर दिसलं तर 1098 लावा. चाइल्ड हेल्पलाइनचा हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. ही सेवा 1996 मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाली. स्टेशनात असाल तर आरपीएफच्या माणसाला गाठा. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अशा मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. पुढे काय करायचं ते समिती ठरवते. परत घरीच पाठवणं हा प्रत्येक वेळी उपाय नसतो, जिथून मार खाऊन पळालं तिथेच कसं पाठवणार? आणि हो, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

उद्या नववा अध्याय घेऊ. त्यात ध्रुव परत येतो, आणि राजा रथातून खाली उतरून त्याला मिठी मारतो.