कोहळा किती दिवस टिकावा?

कुंभकोणममध्ये कोहळ्याला दोन प्रकारे मरण येते. अमावास्येला, आणि नवरात्र संपताना आयुधपूजेला, त्याच्या डोक्याशी भोक पाडून आत कुंकू आणि सुटी नाणी भरतात, वर कापूर पेटवतात, दुकानावरून किंवा गाडीवरून ओवाळतात आणि भर रस्त्यात आपटतात. दुसरा कोहळा फुटत नाही. वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा आणि बाहेर आलेली जीभ रंगवून तो दारावर टांगतात. तिथेच तो हळूहळू मऊ पडतो, काळा होतो, गळू लागतो. गळू लागला की घरातले समाधानाने म्हणतात, दृष्ट यानेच घेतली. मग नवा आणतात.

मराठी वाचकाला यातले फारसे परके नाही. नवचंडीच्या होमात कोहळ्याचा बळी आपणही देतो. दुकानाच्या चौकटीवर तो आपल्याकडेही लोंबकळताना दिसतो. तमिळमध्ये कोहळा म्हणजे पूसणिक्काय. तांबड्या भोपळ्याला मात्र परंगिक्काय म्हणतात, आणि त्यातला परंगी म्हणजे आपला फिरंगीच, असे सांगतात. मूळ अमेरिकेचे फळ, समुद्रापलीकडून आलेले, तेव्हा नाव शोभतेही. (विदर्भात तांबड्यालाच कोहळे म्हणतात, तो घोळ वेगळा.)

या फिरंग्यामुळेच मी हा विचार करू लागले. 2024 साली दिवाळी आणि अमेरिकेतला हॅलोविन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला आले. आमच्या घरमालकीण मामींची नात न्यू जर्सीहून दिवाळीला आली होती. तिने बाजारातून परंगिक्काय आणवला, आतला गर काढला, डोळे-नाक-दात कोरले आणि आत पणती ठेवून तो ओसरीवर मांडला. तिकडचे कोरायचे भोपळे पातळ सालीचे आणि पाणचट गराचे असतात. आपला जाड आणि घट्ट, त्यामुळे पोरीला बराच घाम गाळावा लागला. काढलेल्या गराचे मामींनी दूध घालून कूटु केले. इथे ऑक्टोबर म्हणजे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस, हवा ओलीगच्च. तिसऱ्या दिवशी भोपळ्याच्या दातांना बुरशी धरली. मुलीला उपाय ठाऊक होते: ब्लीच घातलेल्या पाण्यात बुडवायचा, कापलेल्या कडांना व्हॅसलीन चोळायचे, हवे तर वरून व्हार्निश मारायचे. कडा बंद झाल्या की ओल आत राहते, ब्लीचने बुरशी मरते, चार दिवसांचे दहा-बारा होतात. मामींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “कण्णा, नंतर मग गाईला घालता येईल का तो?”

प्रश्न साधा व्यवहाराचा होता. मला मात्र वाटते की टिकवण्याबद्दलचा सगळा नैतिक प्रश्न त्यात आहे.

टिकवणे ही वाईट गोष्ट आहे असे मी म्हणणार नाही. क्षणभंगुरतेचे गोडवे गाणाऱ्या लेखनाचा मला कंटाळा येतो. ते बहुधा ज्यांच्या घरात काही नासत नाही असे लोक लिहितात. आपल्या आज्या-पणज्यांनी कोहळा टिकवलाच की. उन्हाळ्यात त्याचे सांडगे घातले, साखरेच्या पाकात त्याचा मुरांबा केला. आग्र्याचा पेठा हाही टिकवलेला कोहळाच. मीठ, साखर आणि ऊन यांनीही जंतूंना अडवलेच जाते, ब्लीचसारखे. फरक पुढचा आहे. सांडगा टिकतो तो कुणीतरी खावा म्हणून. ब्लीचमध्ये बुडवलेला भोपळा टिकतो तो बघण्यासाठी, आणि त्या बघण्याच्या बदल्यात गाय, किडा-मुंगी, शेणखताचा खड्डा यांच्या वाट्याचे काढून घेतले जाते. रांगेत पुढे उभे असलेल्यांना न विचारता आपण दहा दिवस वाढवून घेतो. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते याहून फार वेगळे नसावे.

गणपतीच्या मूर्तीचे असेच झाले. शाडूची मूर्ती वाहतुकीत तुटते, महाग पडते, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस आले. मूर्ती हलकी झाली, मजबूत झाली आणि पाण्यात विरघळेनाशी झाली. 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला मार्गदर्शक सूचना सुधारून अशा मूर्तींवर बंदी सांगावी लागली. दहा दिवसांसाठी आणलेल्या वस्तूला आपण किती टिकाऊ केले, हे विसर्जनानंतरचा किनारा पाहिला की कळते.

पण मग वाटते, नाशिवंतपणाची बाजू घेणाऱ्यांनी एकदा आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी कुंभकोणमच्या रस्त्यावरून दुचाकी चालवून पाहावी. रस्ताभर गर, बिया, कुंकवाचा चिखल. तमिळनाडूत दरवर्षी पोलीस आवाहन करतात की रस्त्यात कोहळे फोडू नका, फोडलेत तर बाजूला सारा. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहाटे दूधवाला घसरला आणि मनगट मोडून दोन महिने घरी बसला. कोहळा कुणाचा, हे कुणी विचारलेही नाही. उलट कोणीतरी हळूच म्हणाले, ओलांडला असेल त्याने. कारण समजूत तशीच आहे: फुटलेला कोहळा जो तुडवतो, दृष्ट त्याला लागते. म्हणजे आपल्या दुकानावरचे अरिष्ट फळात भरून आपण सार्वजनिक रस्त्यावर ठेवतो, आणि ते पहाटे कामाला निघालेल्या माणसाच्या वाट्याला जाते. जनावराच्या जागी फळ आले तेव्हा बळी सौम्य झाला हे खरे, पण उरलेली किंमत कुणी चुकवायची हे ठरवायचे राहूनच गेले. इथे नासणेही निर्दोष नाही. वस्तू लवकर संपली म्हणून तिची जबाबदारी संपत नाही.

तेव्हा किती दिवस टिकावा, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. शेवटी तो कुणाच्या हाती पडतो, हे आधी पाहावे.

याचे एक उत्तर याच गावात आहे. स्थलपुराण सांगते की प्रलयात अमृताचा कुंभ वाहत इथे आला, शिवाने बाण मारून तो फोडला आणि सांडलेल्या अमृतात वाळू कालवून लिंग केले. तेच आदिकुंभेश्वर. गावाचे नावच फुटलेल्या मडक्यावरून पडले. लिंग वाळूचे, म्हणून त्याला पाण्याचा अभिषेक होत नाही. पुनुगु नावाच्या सुगंधी द्रव्याचा लेप लावतात. शिवाला अभिषेक प्रिय आणि इथे तोच नाही! ठिसूळ वस्तू टिकावी म्हणून माणसांनी आपला हात आवरला. कोहळ्याचेही तेच आहे. न कापलेला कोहळा कोरड्या जागी महिनोन्‌महिने राहतो, त्याच्या सालीवरचा पांढरा मेणचट थर त्याला पुरतो. तो नासतो सुरी लागल्यावर.

आणि जिथे सुरी लावल्याशिवाय भागत नाही, तिथले शहाणपण जवळच स्वामिमलैला आहे. तिथले स्थपती आधी मेणाची मूर्ती घडवतात; बोटे, नखे, दागिने सगळे मेणात. त्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर देतात, भट्टीत मेण वितळवून काढतात, रिकाम्या जागेत पंचधातू ओततात आणि साचा फोडतात. पहिल्या मूर्तीतले काही उरत नाही. पण वितळलेले मेण गोळा होते, पुढच्या मूर्तीला लागते. नाश आहे, पण तो कुणाच्या तरी हिशेबात आहे.

मामींच्या नातीने भोपळा ब्लीच केला नाही. व्हॅसलीनही लावले नाही, पण ते गाईपेक्षा डबी सापडली नाही म्हणून. तिने दिवसा तो ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला आणि संध्याकाळी बाहेर काढला. दिवाळीची रात्र कशीबशी निघाली. दुसऱ्या दिवशी बुरशीचा भाग कापून टाकला आणि बाकीचा पलीकडच्या गोठ्यात गेला.

अलीकडे कुंभेश्वराच्या वाटेवरच्या दुकानांत दृष्टीचे मुखवटे प्लास्टिकचेही मिळतात. डोळे, मिशा, जीभ सगळे तसेच. ते गळत नाहीत, कुणी त्यांच्यावरून घसरत नाही, दर अमावास्येला पैसे लागत नाहीत. दूधवाल्याच्या बाजूने पाहिले तर हा मोठाच फायदा आहे. आमच्या समोरच्या दारावर असा एक आहे. उन्हाने त्याची जीभ पांढुरकी झाली आहे, एक मिशी गळाली आहे. मामींनी एकदा त्या घरच्या सुनेला विचारले, हा कधी बदलायचा? ती म्हणाली, खराब झाला की. मग दोघीही मान वर करून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.