स्वतःचा वांटा

नांदेडच्या वजिराबादेंत एका दुकानांत जमाखर्च लिहिणारे माझे एक परिचित गृहस्थ आहेत. त्यांना दरमहा १५,००० रुपये मिळतात. मुलगी बारावीला असून लातुरास शिकते. तिच्या शिकवणीसाठीं गांवाकडचें दोन एकर शेत गहाण पडलें आहे. खोलीचें भाडें आणि खाणावळ यांचा पैसा महिन्याच्या आरंभींच लातुरास जातो, आणि जें उरतें त्यांत नांदेडचा संसार चालतो. गेल्या वर्षीं या गृहस्थांच्या चष्म्याची दांडी मोडली. ती त्यांनीं दोऱ्यानें बांधली आणि मुलीचा निकाल लागेपर्यंत नवा चष्मा करावयाचा नाहीं असें ठरविलें. येथवर ऐकून कोणालाही त्यांच्याविषयीं आदरच वाटेल. परंतु त्याच सुमारास त्यांच्या पत्नीला असें कळलें कीं, दुकानाजवळच्या टपरीवर चहातंबाखूची त्यांची उधारी महिना सहाशे रुपयांपर्यंत जाते. मग घरांत जें भांडण व्हावयाचें तें झालें. चष्म्याची गोष्ट मुलीला फोनवर चार वेळां सांगणाऱ्या या गृहस्थांनीं टपरीची गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

त्यांना हिणविण्यासाठीं मी हें लिहीत नाहीं. थोड्याफार फरकानें ही आपणां सर्वांचीच गोष्ट आहे. प्रश्न असा कीं, तुटपुंज्या मिळकतीच्या आईबापांना स्वतःसाठीं खर्च करण्याचा अधिकार आहे काय, आणि असल्यास तो कोठवर?

मराठवाड्यांत हा प्रश्न आज घरोघरीं आहे. १९९० नंतरच्या दशकांत दहावी-बारावीच्या गुणवत्ता यादींत लातूरच्या विद्यार्थ्यांचीं नांवें वारंवार झळकूं लागलीं आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर रूढ झाला. पुढें वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेसाठीं लातूर आणि नांदेड हीं दोन्ही शहरें विद्यार्थ्यांनीं गजबजून गेलीं. लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेवरच्या गांवांतून, सोयाबीनच्या पट्टीवर किंवा लहानशा पगारावर जगणारीं कुटुंबें आपलें मूल तेथें पाठवितात. मोफत शिक्षणाचा २००९ चा कायदा सहा ते चौदा या वयापुरता आहे. खर्चाचा डोंगर उभा राहतो तीं अकरावी-बारावीचीं वर्षें नेमकीं त्याच्या बाहेर पडतात. हा भार समाजानें किती उचलावा हा स्वतंत्र वाद आहे. आज तरी तो बव्हंशीं आईबापांच्या खांद्यावर आहे.

एक गोष्ट आरंभींच कबूल केली पाहिजे. ज्यांना दिवाळी होतांच कोयता घेऊन ऊसतोडीला जावें लागतें, त्यांना काटकसरीचा उपदेश करणें हा शुद्ध उद्धटपणा होय. ज्यांच्या हातीं निवड करण्याजोगें कांहींच उरत नाहीं, त्यांच्यापुढें हा प्रश्नच उभा राहत नाहीं. जेथें थोडें उरतें आणि तें कोणाचें याचा निवाडा करावा लागतो, तेथेंच तो उभा राहतो.

या निवाड्याचें प्रचलित उत्तर असें कीं, मूल झालें म्हणजे आपलें असें कांहीं उरत नाहीं. हें उत्तर ऐकावयास उदात्त आहे. परंतु तें खरें आहे काय? १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. दहा वाघिणींत मिळून पांच लाख लिटर पाणी होतें. त्या उन्हाळ्यांत लातूरकरांनीं पाणी तांब्या-तांब्यानें मोजून वापरलें. मुलांना आणि आजाऱ्यांना आधीं, हें ओघानेंच आलें. परंतु आईबापांनीं पाणी पिऊंच नये असें कोणी म्हटलें नाहीं. टंचाईंत वांटा लहान होतो, नाहींसा होत नाहीं. पैशाच्या टंचाईलाही हाच न्याय कां लागूं नये?

कोणी म्हणेल, पाणी ही गरज आहे; चहा ही नव्हे. आक्षेप रास्त आहे. परंतु माणूस केवळ गरजेवर जगत नाहीं, आणि आपल्याला स्वतःचा वांटाच नाहीं असें जो जाहीर करतो, तो लहानशा सुखासाठींही चोर होतो. टपरीची उधारी वाढली ती चहामुळें नव्हे, तर लपविण्यामुळें. उघड खर्चाला घरच्यांच्या नजरेचें माप असतें. लपलेल्या खर्चाला कसलेंच माप नसतें. शिवाय तो मनाला टोंचतो, आणि ती टोंचणी शमविण्यासाठीं माणूस आपला त्याग अधिक मोठ्यानें सांगूं लागतो. अशा रीतीनें खर्च मुका आणि त्याग बोलका, असा उलटा व्यवहार सुरू होतो.

बोलका त्याग हें मुळीं दानच नव्हे. तें कर्ज होय. सानेगुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिलें. तें वाचून डोळे पुसणाऱ्यांच्या ध्यानांत एक गोष्ट सहसा येत नाहीं. त्या माउलीनें सोसलेले कष्ट आपल्याला कळतात ते श्यामच्या तोंडून. मुलानें आठवावें आणि आईनें विसरावें, हा त्यागाचा क्रम आहे. आईबापच जर पै-पैची आठवण देऊं लागले, तर मुलाला आठवण्यासारखें उरतें काय? उरतो तो फक्त फेडीचा धाक.

येथें आणखी एका वांट्याचा विचार करावा लागतो. बापाचा चहा निदान भांडणापुरता तरी हिशेबांत येतो. आईचें विरलेलें लुगडें हिशेबांत येतच नाहीं. तिच्या त्यागाची आपल्याला इतकी सवय झालेली असते कीं, तो त्याग आहे हेंच कोणाला दिसत नाहीं. आईबापांचा वांटा असावा असें म्हणतांना आपण बहुधा बापाचाच विचार करीत असतों. ज्या घरांत एकाचा वांटा लहान आणि दुसऱ्याचा शून्य आहे, तेथें तोल साधला असें म्हणवत नाहीं.

माझ्यापुरतें मीं या प्रश्नाचें उत्तर असें ठरविलें आहे : खर्च असा असावा कीं तो मुलांसमक्ष सांगतां यावा, आणि त्याग असा असावा कीं तो न सांगतां राहतां यावा. जो खर्च सांगतांना जीभ अडखळते तो सोडावा. जो त्याग बोलून दाखविल्यावांचून चैन पडत नाहीं तो आपल्या शक्तीबाहेरचा आहे असें समजून तितका आवरावा. चष्मा या कसोटीला सहज उतरतो; डोळे हें तर हिशेबनिसाचें भांडवल. दोन वेळचा चहाही उतरेल. तंबाखू उतरणार नाहीं.

दिवाळीच्या सुटींत या गृहस्थांची मुलगी घरीं आली. तिनें बापाचा चष्मा हातांत घेतला, दोऱ्याची गांठ सोडली आणि म्हणाली, "बाबा, पुस्तक उघडलं की मला आधी हा दोरा दिसतो. मार्क कमी पडले तर तुम्ही हाच चष्मा माझ्यासमोर धरणार, माहीत आहे मला." गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं ते चष्मेवाल्याकडे गेले.

आतां त्यांच्या घरीं खर्चाची एक वही आहे. तींत बापाच्या नांवाचा रकाना आहे आणि त्यांत चहा लिहिलेला असतो. आईच्या नांवाचाही एक रकाना आहे. पहिले दोन महिने तो कोराच राहिला. तिसऱ्या महिन्यांत त्यांत 'चपला' असा शब्द आला. मुलीचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. तो कसाही लागला तरी त्या घरांत कोणी कोणापुढें चष्मा धरणार नाहीं, असें मला वाटतें.