सातबाऱ्याचे गुण

‘आमची चार एकर शेती आहे,’ असं आपण म्हणतो. ‘चार एकर कृषी आहे,’ असं कुणी म्हणत नाही. कृषी असते विद्यापीठाची, खात्याची, मंत्र्यांची. बारावीनंतर मुलं बी. एस्सी. अ‍ॅग्रीचा अर्ज भरतात ती बहुतेक या दुसऱ्या शब्दासाठी. पहिला शब्द घरात असतोच, आणि त्यानं वडिलांचं काय केलं हेही त्यांनी पाहिलेलं असतं.

राहुरी, अकोला, दापोली, परभणी ही चारही कृषी विद्यापीठं १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. १९७०-७१च्या कृषी गणनेत राज्यातल्या खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे प्रयोगशाळेतलं ज्ञान वाढत असताना ते जिथं उतरवायचं ते वावर तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान झालं. अशा घरात दोन भावांतल्या एकानं पदवी घेऊन बाहेर पडणं याला आपण महत्त्वाकांक्षा म्हणतो. खरं तर ते वाटणीचं गणित आहे.

हा आजार नवा नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७मध्ये पुस्तक काढलं. त्यात जमिनीच्या तुकड्यांचीच चिंता आहे. आज पिंपळे सौदागरला गेलात तर तुकडे दिसणार नाहीत. सोसायट्या दिसतील.

मुलांना विचारलं तर ती आडपडदा ठेवत नाहीत. एमपीएससीतून तालुका कृषी अधिकारी, नाहीतर बँकेत कृषी अधिकारी, नाहीतर बियाणं कंपनीत फिरतीची नोकरी. काहीच जमलं नाही तर तालुक्याला कृषी सेवा केंद्र. परवान्याला पदवी कामी येते. या सगळ्या वाटांमध्ये एक गोष्ट सारखी आहे: राहायचं शेतीच्या आसपासच, पण पाऊस चुकला तर त्याचा फटका दुसऱ्याला बसावा. यात मला लबाडी दिसत नाही. बापानंच ‘शीक, पण इकडं येऊ नको’ म्हणून धाडलेलं असतं.

शेवटच्या वर्षी हीच मुलं ‘कृषिदूत’ आणि ‘कृषिकन्या’ होऊन एखाद्या गावात जातात. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण करून दाखवतात, बीजप्रक्रिया करतात. पारावरचे म्हातारे कौतुकानं बघतात आणि मग हळूच विचारतात, ‘ते समदं खरं, पण भाव काय मिळंल?’ कृषी अर्थशास्त्राचा पेपर दिलेला असतो, तरी मुलं गप्प बसतात. हाच प्रश्न त्यांनी घरी जेवताना ऐकलेला असतो.

परत शेतीत येणारेही आहेत. द्राक्षबाग, रोपवाटिका, माती परीक्षण यांत त्यांनी जम बसवला आहे. पण असं घर जरा नीट पाहा: विहिरीला पाणी असतं आणि बहुतेकदा घरात दुसरा एखादा पगारही असतो.

मला अधिक विचार करायला लावतात त्या कृषिकन्या. प्रवेशाच्या वेळी घरचा सातबारा जोडला की शेतकऱ्याच्या लेकीला जादा गुण मिळतात. तो उतारा बाप हौसेनं तलाठ्याकडून आणतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४मध्येच दिला, देशाच्या कायद्याच्या अकरा वर्षं आधी. मुलगी माती शिकते, कीड ओळखते, खताची मात्रा काढते. मग लग्न होतं. स्थळ बघताना मुलाची नोकरी आधी विचारतात, आणि लगेच ‘गावाकडं शेती किती?’ हेही विचारतात. तिच्या बापाच्या शेतीचं काय, हे मात्र कुणी काढत नाही. पुढे कधीतरी ती माहेरी येते ती हक्कसोडपत्रावर सही करायला. भाऊ पुण्यात कंपनीत असतो, रान वाट्यानं दिलेलं असतं. निबंधक कार्यालयाच्या बाकावर बसलेल्या त्या घरात शेती शिकलेली ती एकटीच असते. अंगठ्याला शाई लावून ती रुमाल शोधते.